दोन पदरांमधलं

गल्लीत विचारतात, पोरगी काय करते विद्यापीठात?
आई सांगते, माशा पाळते.
म्हणजे माशा मारत बसते, असं कुणी म्हणालं
की ती वेणीची वादी दातात धरते
आणि जरा जास्तच ताणते.

माशा नव्हेत, चिलटं.
पिकल्या केळावरची, लाल डोळ्यांची.
त्यांना मक्याचं पीठ, यीस्ट आणि गूळ शिजवून घालते मी.
गूळ मार्केट यार्डातला. कुंभोजकर मॅडम म्हणतात,
भेसळ माणसाला कळत नाही, चिलटाला कळते.

पण मी बघते ते चिलट नव्हे.
पेशी आणि पेशी यांच्या मधे जे असतं, ते.
पेशींनीच कातून अंगाबाहेर टाकलेलं,
कोलॅजनचे दोर, लॅमिनिनची जाळी.
माशीच्या पोटात अंड्याची कुपी आधी गोल असते, गोटीसारखी.
मग ती स्वतःभोवती फिरत राहते, दीड-दोन दिवस,
आणि फिरता फिरता
कोलॅजनचे पट्टे आवळून घेते कमरेला.
म्हणून अंडं लांबट होतं.
पट्टे नसले तर गोलच राहतं,
आणि गोल अंड्याचं सहसा काही होत नाही.

हे आबांना कधी सांगितलं नव्हतं.
कोलॅजन म्हणजे काय ते सांगायचं
तर त्यांच्या मांडीवरच्या कातड्याला हात लावावा लागला असता.
आणि दहावीच्या फॉर्मवर
'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात
मी 'खाजगी' लिहिलं होतं.

एप्रिलात ट्रान्सफॉर्मर जळाला.
इनक्युबेटर बंद, पारा एकोणचाळीस.
चाळीस कुप्या बुट्टीत घालून, ओलं पोतं गुंडाळून
मोपेडवरून सुभाषनगरात आणल्या.
आबांनी काही विचारलं नाही.
रांजणाखालची वाळू उकरली, जागा केली.

बाभळीच्या सालीचा, हिरड्याचा वास घरभर.
पहाटे कोष फुटू लागले.
आबांनी माझं भिंग घेतलं,
रापी धरतात तसं, अंगठा दाबून.
"ह्येचा पंख फुगलाय की गं. फोडागत."
हा वाणच तसा, आबा.
पंखाचे दोन पदर एकमेकांना धरत नाहीत, मधे पाणी शिरतं.
"टाका न्हाई घातला कुणी?"
असतो टाका. इंटिग्रिन म्हणतात त्याला.
या माशीत तो कच्चा आहे.
"मग वरनं दुसरा तळ लावून काय उपेग?"

शेजारच्या कुपीत धड वाण.
चोळामोळा झालेला पंख तिथं उलगडत होता,
ओला, दुधी, मग सपाट.
मी म्हटलं, आता त्यातल्या पेशी मरतील.
तासा-दोन तासांत पंखातून निघून जातील, धडाकडे.
मधलं तेवढं मागं राहील,
दोन पदर चिकटवून.
ती उडणार त्याच्यावर.

आबा भिंगातून बघतच राहिले.
बाहेर दूधवाल्याची सायकल थांबली, गेली.
"म्हशीचं बी तसंच की," ते म्हणाले.
"जीव जातो. मधलं ऱ्हातं.
त्येच आमी कमावतो."

आठाला लाइट आल्याचा फोन आला.
चाळीसपैकी एकतीस कुप्या वाचल्या.
नोंदवहीत लिहिलं:
ठिकाण सुभाषनगर. तापमान रांजणाखाली, अंदाजे सव्वीस.
मदत: मारुती बाळू सातपुते, चर्मकार, चप्पल कारागीर.
शाई वाळायच्या आत
आईनं वाकून वाचलं.
म्हणाली, कुप्यांच्या तोंडाला रातभर
वला कापूस कुणी लावला?
त्ये कुटं लिवलंस?